साल माही

प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत संत्रं सोलायचं तर माणूस आधी डावीकडे-उजवीकडे बघतो. कारण सुमनकाकूंना वास लागतो. त्या गच्चीवर असोत नाहीतर न्हाणीघरात, सालीचा पहिला फवारा हवेत उडाला की पाचव्या मिनिटाला काकू हजर. हातात कापडी पिशवी आणि तोंडात ठरलेलं वाक्य, "फोडी तुमच्या, साल माही!"

एकदा बसथांब्यावर कुणी अनोळखी गृहस्थ शर्ट सांभाळत, वाकून संत्रं खात होते. काकूंनी पिशवीचं तोंड थेट त्यांच्या हनुवटीखाली धरलं. त्यांना वाटलं, बाई साफसफाईच्या खात्यातल्या आहेत, आता दंड मागणार. घाबरून त्यांनी सालीबरोबर खिशातली फुटाण्याची पुडीही पिशवीत टाकली. काकूंनी पुडी काढून परत दिली. "हे नाही लागत मले. फुटाणे तुम्हीच खा, पण तोंडाले तेल लावत जा जरा. कातडी पाहा कशी तडकून राहिली."

मी काकूंची भाडेकरू. दापोलीच्या पुढचं माझं गाव. आठवीत शाळा सुटली, मग चुलतबहिणीचं मूल सांभाळायला तिच्यासोबत नागपूरला आले. पुढे तिच्या नवऱ्याची बदली झाली आणि मी इथेच राहिले, कारण तोवर ब्लाउज शिवायच्या दुकानात माझा हात बसला होता. काकूंकडे खोली बघायला गेले तेव्हा मनात एकच प्रश्न होता. लग्न न झालेल्या मुलीला एकटीला खोली कोण देणार? काकूंनी नाव-गाव काहीच विचारलं नाही. दोन बोटांनी माझी हनुवटी धरली, तोंड उन्हाकडे वळवलं, बाजारात संत्रं पारखतात तसं डावीकडून-उजवीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "सामान आण. दोन महिन्यांत चेहरा लोण्यासारखा नाही केला तं नाव बदलून टाक माहं."

त्यांच्या गच्चीवर एक जुनी खाट आहे. तिच्यावर मच्छरदाणी, आणि मच्छरदाणीत माणूस नाही, साली. वाळल्या की खलबत्त्यात कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या. स्वयंपाकघराच्या फळीवर मसूर, मेथी, रिठा, शिकेकाई, जास्वंदीची फुलं घालून उकळलेलं तेल, कडुनिंबाचा पाला अशा बरण्यांची रांग. डाळ-तांदूळ खालच्या फळीवर. "पोट काय, कशानंबी भरते," काकू म्हणतात.

त्यांचा मुलगा बंगळुरूला असतो. तो आईसाठी महागातल्या क्रीमच्या डब्या पाठवतो. काकूंनी त्यातली एक फाटकाच्या बिजागऱ्यांना लावली. दोन वर्षं किरकिरणारं फाटक गप्प झालं. मुलाचा फोन आला तेव्हा मनापासून म्हणाल्या, "लय गुणाची आहे रे क्रीम. एका दिवसात फरक पडला."

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. काकू कळमेश्वरला कुणाकडे बारशाला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "दुपारी चून कालवून तोंडाले लाव. अर्धा घंटा ठेव." आमच्याकडे चून म्हणजे ओलं खोबरं आणि गूळ, करंजीत भरतात ते. मला नवल वाटलं, पण विचारायची भीती. खोली जाईल, हा माझा तेव्हाचा पाढाच होता. म्हणून मी मुकाट नारळ आणला, खवला, गूळ घातला, तोंडभर थापला आणि चटईवर पडले. डोळा लागला. जाग आली ती मुंग्यांनी.

काकू परतल्या तेव्हा माझा चेहरा भोपळ्यासारखा. त्यांनी खवणी बघितली, नारळाची करवंटी बघितली.

"काय लावलं वं?"

"चून."

"अवं, चून म्हंजे बेसन! पिठलंबी चूनच आमच्याकडे. हे तं पुरणपोळीची बहीण लावली तू तोंडाले!"

मला वाटलं, आता हाकलतील. त्यांनी बर्फ आणला, माझ्या गालावर धरला आणि मग एकदम हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसून झाल्यावर बोटाने माझी कानशिलं चाचपली. "मुंग्या सोडल्या तं चामडी मऊ झाली बरं का. गूळ काढू, खोबरं ठेवू." दुसऱ्या दिवशी फळीवर नवी बरणी होती. चिठ्ठी चिकटवलेली: "कोकण".

प्रयोग सगळेच जमतात असं नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी कूलरमधलं जुनं खसाचं गवत तेलात उकळलं. "खस तं खस, कूलरमधला काय अन् दुकानातला काय!" ते तेल लावून मी तीन दिवस दुकानात गेले. गिऱ्हाईक बायका माझ्याजवळच येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "इथं कसं थंड थंड वाटून राहिलं न!" दुकानवाल्या बाईंनी पंखा बंद केला. काकूंना हे सांगितलं तर त्यांची मान ताठ. "पाहा! करून पाह्य, मंग सांग. मी म्हणतो न नेहमी."

हो, काकू "मी म्हणतो"च म्हणतात. इकडच्या बायका सर्रास तसं बोलतात. आता मीही कधीकधी "येतो" म्हणून जाते आणि फोनवर आई दचकते.

इतक्या बरण्यांत एका गोष्टीचा मला उलगडा होत नव्हता. काकूंच्या एकाही लेपात हळद नव्हती. उटणं म्हटलं की आधी हळद, हे आठवी नापासालाही कळतं. गल्लीतल्या प्रत्येक लग्नात उटणं काकूंच्या हातचं. मसूर, संत्र्याची साल, दूध सगळं घालून वाटी तयार करायच्या, समोरच्या मीनाताईंच्या हातात द्यायच्या. हळद मीनाताई आपल्या घरी जाऊन मिसळायच्या. मी विचारलं तर काकूंचं उत्तर ठरलेलं. "डाग पडते."

माझं लग्न ठरलं. संदीप कळमेश्वरच्या एका कारखान्यात मशीनवर आहे. तो आत्याकडेच राहतो. ती मला बघून गेली आणि निघताना म्हणाली, "पोरगी चांगली आहे, जराशी सावळी आहे." त्या संध्याकाळी मी काकूंपुढे तोंड पुढे करून बसले. म्हटलं, फाल्गुनात लग्न आहे, तोवर काहीतरी करा.

काकूंनी मसुराची वाटी बाजूला ठेवली. "हे पाह्य पोरी. मी कातडी मऊ करतो, चकाकी आणतो, पुटकुळ्या घालवतो. रंग नाही बदलत. मी रंगारी नाही. अन् तुह्या रंगात बदलाले आहे काय?" मग हनुवटी धरून पुन्हा उन्हाकडे वळवली. "आत्याले सांग, डोळे तपासून घे म्हणावं."

खरी अडचण दुसरीच निघाली. बाबा अंथरुणाला खिळलेले, त्यांना एकटं सोडून आईला निघता येत नव्हतं. बाबांपाशी मामा येणार, मग ती गाडीत बसणार आणि पोचणार ती लग्नाच्याच सकाळी. हळद आदल्या दिवशी. म्हणजे माझ्या हळदीला माझं असं कुणीच नाही. चार रात्री मी हाच विचार केला आणि पाचव्या दिवशी धीर करून काकूंना म्हटलं, "पहिली हळद तुम्ही लावा."

त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला नाही. "मीना लावन. मी दमलेली राहीन त्या दिवशी."

"अहो, तीन आठवडे आहेत अजून! आत्तापासून कसं कळलं?"

काकूंनी मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली. मग मेथीकडे बघतच सांगितलं. काका गेले त्याच्या पुढच्या वर्षी भाचीचं लग्न होतं. काकूंनी रात्रभर उटणं कुटलं, हळद घातली, वाटी घेऊन भाचीपाशी गेल्या. कुणीतरी अगदी हळूच ती वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली. म्हणालं, "राहू दे सुमन, तू दमली असशील. बस तिकडं."

"वाईट नाही बोललं कोणी," काकू म्हणाल्या. "खुर्चीबी दिली." मग मेथीचं एक पान उगाच दोनदा तोडलं. "पण मी दमली नव्हती वं."

हळदीच्या दिवशी गच्चीवर दहा-बारा बायका जमल्या. कळमेश्वरहून आत्या आल्या होत्या. मी पाटावर. मीनाताईंच्या हातात वाटी. आणि काकू? सालींच्या खाटेशेजारी, लांब, खुर्चीवर. आल्यापासून जांभया देत होत्या. इतक्या खोट्या जांभया मी जन्मात पाहिल्या नाहीत.

मी आयुष्यात कुणापुढे ठामपणे बोललेली नाही. भाव करतानाही दुकानदार म्हणेल ते पैसे देऊन मोकळी होते. समोर आत्या बसलेल्या, ज्यांच्या घरी मला उद्याच राहायला जायचं होतं. तरी मीनाताईंचा हात गालापाशी आला तेव्हा मी मान मागे घेतली.

"थांबा. काकू लावतील आधी."

मीनाताईंनी आत्यांकडे बघितलं. काकूंनी जांभई अर्ध्यात सोडली. "अवं, मी सांगतलं न तुले, मी दमली..."

"काकू," मी म्हटलं, "करून पाहा, मंग सांगा."

कुणीतरी खुदकन हसलं. मी आत्यांकडे बघायचं टाळत होते. मग आत्यांचाच आवाज आला. "लावा न वं बाई लवकर! ऊन चढून राहिलं, अन् मले भूक लागली."

काकू उठल्या. मीनाताईंनी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझी हनुवटी धरली, उन्हाकडे वळवली आणि नेहमीसारखं पारखायला लागल्या. मग फक्त लावत राहिल्या. गालांना, कपाळाला, कानांच्या मागे, जिथे कुणी लावत नाही तिथेही. मीनाताईंना शेवटी म्हणावं लागलं, "सुमनताई, आमच्यासाठीबी ठेवा थोडी."

लग्नानंतर आठ दिवसांनी मी शिलाई मशीन न्यायला गेले. काकू खाटेवर साली पसरत होत्या. त्यांची नखं अजून पिवळीजर्द होती, बोटांच्या पेरांतही पिवळं. हळदीचा डाग लिंबू-मिठाने एका दिवसात जातो, हे मला काकूंनीच शिकवलं होतं.

मी विचारलं, "काकू, लिंबू संपलं का घरातलं?"

"टोपलीभर आहेत," काकू म्हणाल्या आणि हात पदराखाली घेतले.