घरची पावभाजी कोणती

आमच्या फ्रीजरमधल्या तयार पावभाजीच्या पाकिटानं आपली नोंद ‘घरची पावभाजी’ म्हणून व्हावी, असा अर्ज नगरपालिकेत केला आणि त्याची एक प्रत मला दिली. मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी केली आहे, तेव्हा अर्ज कुणाचाही असो, आधी समास सोडलाय का ते बघतो. सोडलेला होता. सही तेवढी ओलसर होती.

राग मला अर्जाचा आला नाही, नियमाचा आला. आमच्या गावात एका घरात एका नावाचा एकच पदार्थ ‘घरचा’ म्हणून नोंदवता येतो. दुसरा आपोआप बाहेरचा ठरतो आणि तो घराबाहेरच शिजवावा लागतो. आमच्याकडे आजवर नोंद होती ती माझ्या पावभाजीची. रोजचा स्वयंपाक शैलजाचा, म्हणजे माझ्या बायकोचा; त्यात माझी लुडबुड तिला खपत नाही. पण रविवारची पावभाजी माझी. निवृत्तीनंतर या घरात माझं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, आणि तेही जाणार म्हटल्यावर माझा चहा कपात तसाच निवला.

“असं का केलंत?” मी पाकिटाला विचारलं. अर्जदाराला अरेतुरे करायचं नाही, ही माझी जुनी सवय.

“रागावू नका, खटावकर,” पाकीट म्हणालं. “दिवाळीपासून इथं आहे. रोज दार उघडतं, हात आत येतो आणि मटार घेऊन जातो. माझी मुदत संपायला दोन महिने राहिलेत. त्याआधी कुणीतरी मला घरचं म्हणावं, एवढंच.”

मी त्याला उचलून परत आत ठेवलं. बाहेर फार वेळ राहणं त्याला सोसत नाही.

सुनावणी गुरुवारी अकरा वाजता होती. पाकीट बर्फाच्या डब्यात बसून आलं. डबा शैलजानं धरला होता, कारण माझ्या हातात माझ्या भाजीचा कुकर होता. नोंदणी अधिकारी लोंढेबाई चष्मा पुसत होत्या.

“अर्जदाराचं वास्तव्य किती?”

“साडेसात महिने, अखंड,” पाकीट म्हणालं.

“खटावकर, तुमची भाजी घरात कधीपासून आहे?”

“फ्लॉवर आणि सिमला मिरची रविवारी सकाळी आणतो. बटाटे फार तर चार दिवसांचे.”

“म्हणजे सकाळी आलेली.”

“ताजी असते, मॅडम.”

“ताजी म्हणजे नव्यानं आलेलीच ना,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी तसं लिहून घेतलं.

मग दर्जाची तपासणी झाली. अर्जदाराला कापता येत नसल्यानं त्याच तारखेचं दुसरं पाकीट उघडण्यात आलं; त्याची लेखी संमती जोडलेली होती. ते तीन मिनिटांत गरम झालं. बाईंनी चार घास खाल्ले. रंग लालभडक, मीठ बेताचं, आणि चौथा घास तंतोतंत पहिल्यासारखा. माझ्या पदार्थाला दोन तास लागतात, तीन पातेली लागतात, आणि भांडी घासायला येणाऱ्या बाई सोमवारी माझ्याकडे बघत नाहीत. बाईंनी विचारल्यावर शैलजानं हे सगळं खरं खरं सांगून टाकलं. मग बाईंनी माझी भाजी चाखली. तिला खालून जरा लागल्याचा वास होता, लसूण मध्येच दाताखाली येत होती, आणि मागच्या रविवारपेक्षा तिखट या खेपेला जास्त पडलं होतं.

“यात सातत्य नाही,” बाई म्हणाल्या. असं म्हणत त्यांनी माझी ताटली पावाच्या तुकड्यानं पुसून घेतली.

“हे नोंदवा ना, मॅडम,” मी म्हणालो.

“कार्यालयीन वेळेत आवड नोंदवता येत नाही.”

तरीही मला आशा होती. माझं लेखी निवेदन भक्कम होतं. ते मी चार रात्री खपून लिहिलं होतं आणि महत्त्वाच्या वाक्याखाली लाल रेघ मारली होती. बाईंनी ते उघडून माझ्यापुढे सरकवलं.

“तिसरा परिच्छेद मोठ्यानं वाचा.”

मी वाचला. “माझ्या हातची पावभाजी खाऊन सर्व पाहुणे एकमुखानं सांगतात की ती अगदी बाहेरच्यासारखी झाली आहे. सोबत अकरा नातेवाइकांच्या सह्या.”

वाचताना माझी मान ताठ होती. शेवटच्या शब्दाला ती खाली आली.

बाईंनी शैलजाला विचारलं, “तुम्हीही असं म्हणता?”

“दर रविवारी म्हणते,” शैलजा म्हणाली. “नाही म्हटलं तर हे रुसतात.”

बाईंनी मग पाकीट उलटं केलं आणि मागचा मजकूर वाचला. तिथं छापलेलं होतं, ‘चव अगदी घरच्यासारखी.’ पाकिटाच्या बाजूनं आणखी काही बोलायची गरज राहिली नाही. दुपारी आदेश निघाला. अर्जदार घरचा, खटावकर यांची पावभाजी बाहेरची. अपील पंचवीस दिवसांत.

पुढच्या रविवारी मी सोसायटीच्या फाटकाबाहेर चूल मांडली, म्हणजे जुन्या शिलाई मशिनच्या टेबलावर गॅसची शेगडी आणि तवा. टेबलाचा एक पाय आखूड असल्यानं ते सारखं हलत होतं. आपल्याच घराकडे तोंड करून रस्त्यावर कांदा चिरायचा, हे मला फार लागलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि कांदा होता म्हणून बरं झालं.

साडेसहाला शैलजा आणि आमची मुलगी ऋतुजा खाली आल्या. शैलजानं अबोली साडी नेसली होती, ऋतुजानं केस मोकळे सोडले होते. बाहेर जेवायला जाताना त्या अशाच निघतात.

“काका, एक प्लेट. बटर जास्त,” ऋतुजा म्हणाली. गाडीवरच्या माणसाला सगळे काकाच म्हणतात, त्यात तिचं चुकलं नाही. पण मी दोन सेकंद कालथा धरून नुसता उभा राहिलो.

घरात ही मुलगी फोनमध्ये बघत अर्धी भाजी ताटात टाकायची. इथं ती आठ मिनिटं तव्यावर नजर ठेवून उभी राहिली, आणि प्लेट संपल्यावर तिनं कांदा मागितला.

तेवढ्यात वरून हाक आली. घरचा पदार्थ म्हणून पाकिटाला आता स्वयंपाकघराच्या खिडकीत पाच मिनिटं बसता येत होतं.

“रोज रोज बाहेरचं खाणं बरं नाही हं! मी केव्हाचं तयार आहे.”

“आज एकच दिवस,” शैलजा वर बघून म्हणाली. “येतोच आम्ही.”

असे चार रविवार गेले. दर रविवारी आज एकच दिवस असायचा. अपिलाची मुदत चौथ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी संपत होती. मी अपील लिहून खिशात ठेवलं होतं, समास सोडून. त्यात एक रकाना रिकामा होता. माझी पावभाजी घरच्यासारखी लागते, असं सांगणारा एक तरी साक्षीदार हवा होता, आणि आयुष्यात मला असं कुणी म्हटलेलं नव्हतं.

त्या दिवशी भाजी पुन्हा खालून जरा लागली. शैलजानं पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला.

“काय हो,” ती म्हणाली, “अगदी घरच्यासारखी झालीय.”

तिनं ते मला खूश करायला म्हटलं नव्हतं. ती खाण्यात गुंग होती. मला इतका आनंद झाला की तव्यावरचे दोन पाव करपले. मी खिशातून अपील काढलं, पेन उघडलं आणि रकान्यात तिचं नाव लिहिणार, इतक्यात वर बघितलं. पाकीट खिडकीत बसलं होतं. कडेला पाणी सुटलं होतं तरी आत गेलं नव्हतं. माझी मुदत उद्या संपत होती. त्याची महिन्यानं.

मी पेन बंद केलं. अपिलाच्या चार घड्या घातल्या आणि तो कागद टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवला. टेबल हलायचं थांबलं.

“अजून पाव भाजू का, वहिनी?” मी शैलजाला विचारलं.

“दोन भाजा,” ती म्हणाली. “आणि एक पार्सल बांधा. घरी वाट बघतंय.”