टेंबेकाकांची लंडनची बोली

आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे जिना उतरतात. टेंबेकाका तेवढे ‘ॲपल्स’ उतरतात.

“सुनंदा, ॲपल्सवर पाणी सांडलंय, जपून ये,” असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी वेड्यासारखी पायऱ्यांवर सफरचंदं शोधत होते. मग हातात भाजीची पिशवी असताना मला तिथेच उभं करून त्यांनी शिकवणी घेतली. ही म्हणे लंडनच्या पूर्व भागातल्या कॉकनी लोकांची बोली. जिन्याला इंग्रजीत स्टेअर्स. त्याच्याशी यमक जुळेल अशी जोडी घ्यायची, ‘ॲपल्स अँड पेअर्स’. आणि खरी मेख पुढे. ज्या शब्दाचं यमक जुळतं, नेमका तोच गाळून टाकायचा. उरले ॲपल्स.

“म्हणजे ऐकणाऱ्याला काही कळूच नये,” काका खुशीत म्हणाले.

“मग जमलंय की तुम्हाला,” मी म्हटलं आणि वर निघून गेले.

काका इथल्याच पिपलानी भागातल्या कारखान्यात जन्मभर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून इथे बाग सेवनिया वस्तीत आमच्या शेजारी राहायला आले. लंडन त्यांनी स्वतः कधी पाहिलेलं नाही. मुलगा निखिल तिथे असतो, तेवढाच संबंध. पण काकांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की तिच्या मुळाशी गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बिघडलेला पंखासुद्धा ते सगळा सुटा करतात. परत जोडायला माणूस बोलवावा लागतो, तो भाग वेगळा.

या बोलीचंही त्यांनी तसंच केलं. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या हातगाडीवाल्यांनी ती काढली, गिऱ्हाईकासमोर आपसात भाव ठरवता यावा म्हणून, असं एक मत. चोरांनी काढली, पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून, असं दुसरं. आणि उगीच गंमत म्हणून काढली, असं तिसरं. खरं काय ते कुणालाच ठाऊक नाही. काकांना हातगाडीवाले पसंत पडले. त्यांनी लगेच आमच्या भाजीवाल्याला गाठलं आणि त्याच्या लंडनच्या भाऊबंदांची अख्खी हकिगत हिंदीतून ऐकवली. मागे आम्ही चार बायका ताटकळत उभ्या.

भाजीवाल्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “वो सब ठीक है बाबूजी, लौकी लेनी है कि नहीं?”

अस्सल कॉकनी कोण, याचाही एक नियम आहे. बो नावाच्या चर्चच्या घंटा ज्याला जन्मताना ऐकू आल्या तो. काका म्हणतात, “मग आमचा निखिल अस्सल पिपलानीकर. जन्मला तेव्हा कारखान्याचा भोंगा वाजत होता.”

काकूंना ते ‘ट्रबल’ म्हणतात. वाईफचं यमक ‘ट्रबल अँड स्ट्राइफ’शी जुळतं म्हणून. गणपतीत पाहुण्यांसमोर म्हणाले, “बसा, आमची ट्रबल मोदक तळतेय.” काकू आतून म्हणाल्या, “अर्धंच सांगतात हो ते. स्ट्राइफ म्हणजे भांडण. तेही मीच.”

इंग्रजी शब्द संपले तसे काका मराठीवर घसरले. मग मात्र माझं डोकं फिरलं. एका संध्याकाळी मी शाळेतून दमून आले, पाठोपाठ काका. सोफ्यावर टेकत म्हणाले, “सुनंदा, एक नऊ कर. मीठ जरा जास्त.” नऊ-दहा म्हणजे चहा आणि मीठभाकर म्हणजे साखर, एवढं एव्हाना मला पाठ झालं होतं. पण दिवसभर सातवीचा वर्ग सांभाळून आलेल्या बाईच्या सहनशक्तीला काही मर्यादा असते. मी चहात चमचाभर मीठच घातलं.

काकांनी घोट घेतला. “उच्चारात चुकलो बहुतेक,” म्हणाले आणि अख्खा कप प्यायले.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. पण त्या म्हणाल्या, “अगं, तुला छळतात ते मला दिसतं. पण हे सगळं इरासाठी चाललंय.”

इरा म्हणजे निखिलची मुलगी, आठ वर्षांची. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. काका कारखान्याच्या पत्रासारखं इंग्रजी बोलतात, “हाऊ इज युअर स्टडी प्रोग्रेसिंग?” पोरगी “फाइन, आजोबा” म्हणते आणि पळते. मराठी तिला सगळं समजतं, पण तोंडातून काढत नाही. काकांनी ठरवलं की दोष आपल्या इंग्रजीचा आहे. पोर लंडनची, तर लंडनची बोली शिकायची, म्हणजे ती थांबेल. “या रविवारी बोलणार आहेत. तू ये गं, मला एकटीला बघवायचं नाही,” काकू म्हणाल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला.

रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पडद्यावर इरा आली. काका घसा खाकरून म्हणाले, “हॅलो इरा, यूज युअर लोफ!”

लोफ म्हणजे डोकं. लोफ ऑफ ब्रेड, हेड. पण इरा नुसती बघत राहिली. मागून निखिल हसला. “बाबा, इथे आम्ही राहतो तिथे कोणी असं बोलत नाही हो.”

काकांचा चेहरा इतका उतरला की मला निखिलचा कान धरावासा वाटला. इतक्या महिन्यांची तयारी, आणि पोरगी आता उठणार हे दिसत होतं. काका “बरं, बरं,” म्हणाले आणि निरोपाला हात वर केला. तो तसाच धरून ठेवला. मग हळूच म्हणाले, “इरा, हे माझं वरण.”

“वरण?” इरा म्हणाली.

“हो. तू जेवतेस ना, वरण आणि?”

“भात.” ती थांबली. काकांच्या पंजाकडे बघत ओठ हलवत राहिली. “वरण, भात... हात?”

काकांनी मान डोलावली. इरा खुर्चीवर पाय घेऊन नीट बसली. तिला दुसरा शब्द हवा होता. काका म्हणाले, आता तू कर. तिने स्वतःचा कान ओढला, इकडेतिकडे पाहिलं, खिडकीतल्या कुंडीकडे बोट दाखवलं. “हिरवं पान. आजोबा, माझं हिरवं दुखतंय.”

काकू पदर डोळ्यांना लावून हसत होत्या.

तेवढ्यात निखिल म्हणाला, “इरा, चल, स्विमिंगला उशीर होतोय.”

“थांब ना बाबा,” ती वळूनही न बघता म्हणाली, “मी आजोबांशी बोलतेय.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. “ऐकलंस?”

“ऐकलं, काका,” मी म्हटलं. “बोला आता. ती थांबलीये.”