सशांची वास्तुशांत

आमच्या शेजारचे तात्या माणसांना अरे-तुरे करत आणि जनावरांना अहो-जाहो. भोर संस्थानच्या कचेरीत सारी हयात घालवलेला हा माणूस मामलेदारालाही 'काय रे' म्हणायचा, पण गल्लीत म्हैस आडवी आली की पागोटं सावरून अदबीने उभा राहायचा. "आपण जरा बाजूला होता का? आम्हाला देवळात जायचंय." म्हैस ढिम्म हलायची नाही. तात्याही हलायचे नाहीत. एकदा मी म्हशीच्या पाठीवर थाप मारून वाट मोकळी केली, तर माझ्यावरच खेकसले, "गाढवा, वडीलधाऱ्यांशी असं वागतात?"

"तात्या, गाढवही जनावरच की. मग ही शिवी कशी?" मी विचारलं.

"शिवी नाही रे. तुझा मान वाढवतोय."

तर अशा या तात्यांकडे एका माघात पुण्याहून दोन पांढरे ससे आले. कुणा स्नेह्याने दिले होते. करंडी मोटारीच्या टपावर ठेवायला तात्यांनी साफ नकार दिला. स्वतः पुण्यापासून पाय आखडून, करंडी मांडीवर घेऊन आले. "त्यांना वारा बाधतो," असं त्यांनी सगळ्या मोटारीला बजावलं होतं म्हणे.

त्याच दुपारी मी मळ्याला पाणी घालत होतो. मळा म्हणजे काय, माझ्या परसातले मेथी-कोथिंबिरीचे चार वाफे. शाळा सुटली की मी मास्तराचा माळी होत असे. कुंपणापलीकडून बाईच्या हसण्याचा आवाज आला. काकूंचा, म्हणजे तात्यांच्या बायकोचा, हा आवाज नव्हे. काकू हसल्या तरी भांडल्यासारखं वाटे. कोण पाहुणी आली म्हणून डोकावलो, तर तात्यांची बहीण दुर्गाआक्का दगडावर बसली होती आणि ससा तिच्या हातातली कोथिंबीर ओढत होता.

आक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. लाल आलवण, डोक्यावरून पदर, आणि दिवसभर चूल. दारात कुणी सवाष्ण आली की ही आपण होऊन आत सरायची. मी त्यांच्या शेजारी जन्मलो, वाढलो, पण आक्काचं हसणं मला परकं वाटलं, कारण ते मी कधी ऐकलंच नव्हतं. तात्या मागच्या दारात उभे होते. मला पाहताच त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

चार दिवसांनी सशांनी काकूंचं सोवळ्याचं लुगडं कुरतडलं. मग काय विचारता! काकूंनी घर डोक्यावर घेतलं. "होळीपर्यंत यांची सोय बाहेर करा. नाहीतर करंडी परत पुण्याला." काकूंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यात गल्लीतला बोका रोज भिंतीवर येऊन मिशा चाटत बसायचा. म्हणजे नुसतं बाहेर काढून भागणार नव्हतं, घर बांधायलाच हवं होतं.

तात्यांनी आंबवड्याहून सखाराम सुताराला बोलावलं आणि कागदावर आराखडा काढून दिला. सखारामने तो उलटासुलटा करून पाहिला.

"तात्या, ह्ये काय वो? सशास्नी वसरी?"

"मग? कुणी आलं गेलं तर बसेल कुठे?"

"आन् भितीत ह्यो कोनाडा?"

"देवळी आहे ती. दिवा लागायला नको?"

"आवं, पर ससं काय शुभंकरोती म्हननार हायती व्हय?"

"तू बांध रे. म्हणायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील."

वेल्ह्याकडून कारवीच्या काठ्या आल्या. त्यांचा कूड उभा राहिला, वर कौलं चढली. आक्काने जमीन शेणाने अशी सारवली की त्यावर जेवायला बसावं. तात्यांनी सशांना आत सोडून नमस्कार केला आणि दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ससे माझ्या मेथीत होते. सारवलेली मऊ जमीन उकरून, कुंपणाखालून भुयार काढून आले होते. दोन वाफे साफ. मी बोंब ठोकली. तात्या पंचा सावरत धावले आणि सशांपुढे वाकून म्हणाले, "अहो, आपण इकडे कुठे? काही कमी पडलं का?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू ओरडू नकोस रे, ते घाबरतील."

त्यांनी भुयार बुजवलं, दगड ठासले. सशांनी दुसऱ्या कोपऱ्यातून रस्ता काढला. आता माझी कोथिंबीर गेली. होळी तोंडावर आली. काकूंनी माळ्यावरची करंडी खाली काढून पडवीत ठेवली. सखाराम म्हणाला, "तात्या, ह्यांस्नी हितं ऱ्हायाचंच न्हाई." तात्यांनी हातातला दगड खाली टाकला. आक्का सशांना हराळी घालत होती. तिचं हसणं त्या दोन दिवसांत पुन्हा बंद झालं होतं, आणि खरं सांगतो, मेथीपेक्षा मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

मग आक्काच बोलली. मान खाली घालूनच. "दादा, दुभत्याचं कपाट आपण जमिनीला टेकवतो का? चार पायांवर उभं करतो, पायांखाली पाण्याच्या वाट्या. मुंगीसुद्धा चढत नाही. मग यांना का जमिनीवर ठेवायचं?"

तात्या ताडकन उठले. मग असे ओरडले, की भिंतीवरचा बोका खाली पडला. "सखाराम! ऊठ! ओसरी पाड!"

नवं घर चार खांबांवर कमरेएवढं उंच झालं. तळाला बांबूच्या कामट्या, मध्ये बोटभर फटी. लेंड्या थेट खाली पडत, आणि त्या माझ्या वाफ्यांना द्यायच्या असा तह झाला. भोवती कारवीचं आवार, त्याला फाटक, फाटकाला उंबरा. तळ किती भार सोसतो हे पाहायला तात्या स्वतः रांगत आत शिरून बसले.

"तात्या, सशाचं येवढं वजन नसतं वो!" सखाराम कळवळला.

"कुटुंब वाढेल त्यांचं!" आतून उत्तर आलं. तळ टिकला. बाहेर काढताना तात्यांचं धोतर मात्र टिकलं नाही.

बोक्याने दोनदा उडी मारून पाहिली, दोन्हीदा आपटला, आणि जणू आपण सहज फिरायला आलो होतो अशा चेहऱ्याने निघून गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. होळीला अजून दोन दिवस होते.

तात्यांनी वास्तुशांत काढली. सगळी आळी हसायला म्हणून आली आणि लाडू खायला थांबली. भटजींनी कलश भरला आणि म्हणाले, "हं, काकू, कलश घेऊन आधी तुम्ही आत चला."

"ती नाही," तात्या म्हणाले. "दुर्गा. घर तिचं आहे."

आक्का केव्हाच मागे, विहिरीआड सरली होती. भटजी चाचरले. "पण तात्या, हे शास्त्रात..."

"सशांची वास्तुशांत कुठल्या शास्त्रात आहे रे? ती चालली तुला, दक्षिणाही चालली. मग हेही चालव."

कुणी हसलं नाही. काकू पुढे झाल्या. मला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी कलश उचलला, विहिरीपाशी गेल्या आणि आक्काच्या हातात दिला. "चला वन्सं. लाडू गार होताहेत." लाडू मुळात गारच होते. आक्काच्या हातातल्या कलशातलं पाणी हिंदकळत होतं. पण तिने उंबरा ओलांडला, सगळ्यांच्या आधी. काकू डोळ्याला पदर लावून मला म्हणाल्या, "होमाचा धूर हो."

पंगत उठल्यावर तात्या विहिरीच्या काठावर एकटेच बसले होते. मी जवळ गेलो.

"नवरा गेला तेव्हा वडिलांबरोबर तिला आणायला मी गेलो होतो," ते म्हणाले. "नऊ वर्षांची होती. परत येताना बैलगाडीत मला विचारत होती, दादा, ते माझं घर नाही, आणि आई म्हणते हेही आता माझं नाही. मग माझं कुठलं रे? मी तिच्याहून मोठा. मला काही सांगता आलं नाही."

ते उठले आणि आवाराकडे गेले. फाटकातून पाऊल टाकणार, तोच आतून आक्काचा आवाज आला. असा खणखणीत आवाज मी तिच्या तोंडून ऐकला नव्हता.

"दादा, वहाणा बाहेर काढ. माझ्या घरात चिखल नको."

"बरं," तात्या म्हणाले, आणि त्यांनी वहाणा काढल्या.