हलकं बसा

भिवसनमामांच्या गाडीत जड बसायला परवानगी नव्हती.

प्रश्न वजनाचा नव्हता. माझं वजन तेव्हा एकोणपन्नास किलो होतं आणि त्यातही चष्म्याचा वाटा मोठा होता. मी खुलताबादच्या शाळेत इतिहास शिकवायचो, राहायचो पडेगावात, मामांच्या शेजारी. सकाळी त्यांची पिकअप त्या बाजूला निघाली की मीही तिच्यातूनच जायचो. दौलताबादचा किल्ला मागं पडून घाटाचा चढ लागला, की मामा स्टिअरिंगला छाती लावत आणि रस्त्यावरची नजर न हलवता म्हणत, "सर, हलकं बसा."

हलकं कसं बसायचं हे मी दोन फेऱ्यांत शिकलो. एक हात खिडकीला, दुसरा समोरच्या दांडीला आणि बूड सीटपासून दोन बोटं वर. या आसनाचा उल्लेख योगाच्या कुठल्याही पुस्तकात मला सापडलेला नाही. चढ संपेपर्यंत बोलायचं नाही, खोकायचंही नाही. एकदा मी हातातला भोपळा शेजारी ठेवला.

"उचला, उचला," मामा ओरडले. "सीटवर ठेवला की गाडीला लागतो."

उचललेला भोपळा गाडीला कसा लागत नाही, हे मी विचारलं नाही. आपला विषय सोडून बोलू नये, एवढी शिस्त मला आहे.

मामा स्वतः त्या चढावर श्वास रोखून धरत. माथ्यावर पोचलो की ते आणि गाडी एकाच वेळी फुसकारा सोडत. कुणाचा मोठा, ते सांगणं कठीण होतं.

मामांचं घराणं मेंढरांचं, सिल्लोडकडचं. तरुणपणी त्यांनी कळप विकून जुना टेम्पो घेतला, पुढे टेम्पो देऊन ही डिझेलची पिकअप आणली. औरंगाबादला तेव्हा कारखाने येत होते. चिकलठाणा भरलं, वाळूजला माळरानावर पत्र्याच्या शेडी उभ्या राहत होत्या. आठवड्याला कुठे ना कुठे फीत कापली जाई आणि कापणारा कात्रीकडे असा बघे, जणू आतली यंत्रं त्यानंच घडवली आहेत. त्या कारखान्यांच्या कँटीनला भाजी लागे, ती मामा पोचवत. धंदा बदलला, पण नजर मेंढराचीच राहिली. कुठलीही गाडी ते आधी मागून बघत, मग बॉनेट उघडून "तोंडात" बघत. टायरवरून हात फिरवत आणि म्हणत, "अंगानं बरी हाय. दमाचं काय?"

दम हा त्यांचा शब्द. माणूस, मेंढरू, इंजिन, पुढारी, सगळ्यांची परीक्षा दमावर.

एके दिवशी आमच्या सलीम मिस्त्रीनं त्यांना टर्बोबद्दल सांगितलं. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक चक्र फिरतं आणि ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. गाडीची ताकद वाढते. वेगळा संच मिळतो, जुन्या गाडीलाही बसवता येतो.

मामांनी बोट हवेत गोल फिरवून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे आपणच टाकलेला श्वास परत आपल्यालाच दम देतो?"

"हौ, वैसाच समझो," सलीम म्हणाला.

"लई शहाण्या माणसाचं काम हाय हे."

त्या दिवशीच मामांनी टर्बो घ्यायचा ठरवला. अट एकच. दौलताबादचा चढ भरल्या गाडीनं चढायचा, गाडीत माणसं भरलेली पाहिजेत आणि एकालाही खाली उतरावं लागता कामा नये.

"मामा, तुम्ही कोबी वाहता," मी म्हणालो. "माणसं कशाला?"

"कोबी उतरून ढकलत नाय, सर."

यावर मी हसलो. मामा हसले नाहीत. तेव्हाच काही लक्षात यायला हवं होतं. पण इतिहासाच्या शिक्षकाला जिवंत माणसाचं उशिरा कळतं.

निवडीला दोन वर्षं लागली. इंग्रजी माहितीपत्रकं वाचण्यासाठी मला प्रत्येक ठिकाणी नेलं जाई. लासूर स्टेशनला एकाकडे वापरलेला टर्बो होता, एका ट्रकवरून काढलेला. मामांनी टर्बोकडे नंतर बघितलं. आधी तो ट्रक कुठून कुठे जायचा, चढाचा रस्ता की सपाटीचा, ड्रायव्हर तापट होता का, हे विचारून घेतलं. मालक वैतागला.

"अहो, लोखंड आहे ते! त्याला काय खानदान असतं?"

"नाय कसं? तापट हाताखालचं जनावर फुटतं."

मग त्यांनी टर्बो कानाशी धरला, बोटानं चक्र फिरवलं आणि डोळे मिटून ऐकलं. "घरघर हाय," ते म्हणाले. "फुफ्फुसात." आम्ही परत आलो. पुढे सलीमनं तो टर्बो बघितला, तर खरंच त्याचं बेअरिंग गेलेलं निघालं. मामांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. मीच पडेगावभर सांगत फिरलो.

चिकलठाण्याला एका लेथवाल्यानं स्वतः बनवलेला टर्बो दाखवला. त्याच्या कचेरीत टर्बो एक होता आणि मंत्र्यांबरोबरचे फोटो सात. मामांनी फोटो नीट निरखले आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "याच्याकडं हवा लई हाय, पण आत जाणारी नाय."

या दोन वर्षांत शहर दुसऱ्याच एका प्रश्नावर पेटत आणि विझत होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा चौदा-पंधरा वर्षं चालू होता. मोर्चे, बंद, मग पुन्हा मोर्चे. चहाच्या टपरीवर मत विचारलं जाई. मी म्हणायचो, "दोन्ही बाजूंचा विचार व्हायला हवा." हे वाक्य मी इतकी वर्षं इतक्या सफाईनं वापरलं होतं, की ते ऐकून दोन्ही बाजूंचे लोक मान डोलवत. मामांना कुणी विचारलं, तर ते म्हणत, "मला चढाचं विचारा." मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की या माणसाला टर्बोपलीकडे जगात काही दिसत नाही.

शेवटी मोंढ्याजवळच्या बशीरभाईंच्या दुकानात नवा संच आला. दाखवायला कंपनीनं एक टायवाला तरुण ठेवला होता.

"काका, हे चक्र मिनिटाला लाखभर फेरे घेतं," तो म्हणाला.

"एवढं फिरून जातं कुठं?"

तरुणानं माझ्याकडे बघितलं. मी माहितीपत्रकात बघितलं. त्यात उत्तर नव्हतं.

मामांनी टर्बो कानाशी धरला, चक्र फिरवलं, नाकाशी नेऊन वास घेतला. असा पाव तास गेला. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि तो हात टायवाल्यापुढे केला.

जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली समोरच्याची बोटं धरायची. जेवढी धराल तेवढा आकडा. बघणाऱ्याला कळत नाही, आणि एकदा पकडलं की फिरवता येत नाही. टायवाल्याला मात्र त्याच्या प्रशिक्षणात ग्राहकाचा हात उबेनं दाबावा एवढंच शिकवलेलं. त्यानं रुमालाखाली हात घातला, मामांचा पंजा पाचही बोटांसकट घट्ट धरला आणि हसून वर-खाली हलवला.

"पाच," मामा म्हणाले. "ठरलं. बांधा."

"पाच काय?"

"पाच हजार. आत्ता तुम्हीच धरले की."

"काका, किंमत नऊ हजार आहे! मी फक्त शेकहँड केला."

"मंग रुमालाखाली कशाला केला?"

तरुण घामाघूम झाला. मी माहितीपत्रकात तोंड लपवलं. तेवढ्यात गल्ल्यावरून बशीरभाई उठले. त्यांच्या वडिलांचा बकऱ्यांचा धंदा होता. त्यांनी रुमाल बघितला आणि कपाळावर हात मारला.

"अरे बेटा, ये क्या कर दिया? सौदा हो गया ना!"

"सर, पण मी..."

"पूरा पंजा पकड्या तू. दो उंगली पकडता तो मैं कुछ बोलता." मग मामांकडे वळून म्हणाले, "मामू, बच्चा है. बाजार नहीं देखा. पाच में मेरा घर नहीं चलता. मेरी खातिर दोबारा हाथ दो."

मामांनी विचार केला. पोराला बाजार माहीत नाही, म्हणून सौदा धरला नाही, असं त्यांनी मोठ्या मनानं जाहीर केलं. पुन्हा रुमाल पडला. या वेळी खाली बशीरभाईंचा हात होता. दोघंही छताकडे बघत होते. भाव किती ठरला, ते मला आजतागायत माहीत नाही. दोघांनाही आपण जिंकलो असं वाटत होतं, एवढं चेहऱ्यांवरून दिसलं.

सलीमनं आठवडाभर खपून टर्बो बसवला. रविवारी सकाळी मामा माझ्या दारात आले. धुतलेलं धोतर, हातात नारळ.

"चला सर. चढ बघायचा."

गाडीत मागं दहा-बारा माणसं आधीच बसलेली. बायाबापड्या, दोन म्हातारे. सगळे शहरातल्या एका वस्तीतले. मी कुणालाच ओळखत नव्हतो. केबिनमध्ये मधल्या जागी एक वयस्क बाई चढून बसत होत्या. त्यांचा डावा पाय फरफटत होता.

"या पारूआक्का," मामा म्हणाले आणि नारळ फोडायला पुढे गेले.

गाडी पडेगावातून निघाली. मी सभ्यपणे आक्कांना विचारलं, "खुलताबादला जाता का?"

"नाय. चढ चढायला चाललो," त्या म्हणाल्या. "ह्यानं महिनाभर पिच्छा पुरवला. मागं बसलेत ना, त्यातले निम्मे त्या दिवशीचेच हायेत."

"कुठल्या दिवशीचे?"

आक्कांनी मामांकडे बघितलं. मामा रस्त्याकडे बघत होते.

"नामांतराच्या त्या पहिल्या साली गावातली आमची वस्ती जाळली," त्या म्हणाल्या. बाजारभाव सांगावा तसा आवाज. "हा कडबा न्यायला आलता. कडबा तिथंच टाकला अन् आमाला टेम्पोत भरलं. खुलताबादला माझा भाऊ होता, तिथं निघालो. घाटात टेम्पो धापा टाकायला लागला. हा म्हणला, हलकं बसा. आता माणसानं हलकं कसं बसावं? मी उतरले. मंग सगळेच उतरले. टेम्पो ढकलत नेला."

"तुमचा पाय..."

"भाजलेला होता. चालले तशीच. हा माघारी पळत आला, आक्का तुम्ही बसा म्हणून लई विनवलं. पर मी म्हणलं, नको, गाडीला जड व्हईल."

निघाल्यापासून मामांच्या तोंडून पहिल्यांदाच आवाज आला. "मी बोललो नसतो, तर तुम्ही उतरल्या नसत्या."

"तवाचं तवा गेलं, दादा."

किल्ला मागं पडला. चढ लागला. माझे हात आपोआप खिडकीकडे आणि दांडीकडे गेले. इंजिनातून एक नवीच शीळ ऐकू येऊ लागली, बारीक आणि सरळ. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. गाडीचा वेग उतरला नाही. मामांची छाती स्टिअरिंगला टेकली होती, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. तिसऱ्या वळणावर रस्त्याकडेला एक कडुनिंब आहे. रोज तिथूनच जायचो, कधी लक्ष दिलं नव्हतं. तो दिसताच मामा बोलले.

"आक्का, जड बसा."

"बसलेच हाय की," पारूआक्का म्हणाल्या. त्यांनी पाय लांब केले आणि पाठ मागं टेकली. "तुमी श्वास घ्या आधी. तोंड लाल झालंय."

मामांनी श्वास सोडला. कडुनिंब मागं गेला. मागच्या हौद्यात कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी उगाच मामांच्या नावानं ओरडलं. मामांनी दोनदा उपरण्यानं डोळे पुसले आणि काच धुरकट असल्याची तक्रार केली.

काच स्वच्छ होती. केबिनमध्ये सगळे निवांत बसले होते. मी तेवढा अजून सीटपासून दोन बोटं वर होतो.