पहिल्या प्रतीचं पुस्तक

"कागद नको, छापखाना नको, पलंगाखाली गठ्ठे नकोत!" सोपानरावांनी व्याह्यांना फोनवरच सुनावलं. "माझं पुस्तक थेट मोबाइलवर! रविवारी जेवायला या, वाचक काय म्हणतात ते दाखवतो."

तळेगावच्या दत्तोबांच्या पलंगाखाली त्यांच्या कवितासंग्रहाच्या चारशे प्रती पडून होत्या, त्यामुळे टोमणा बरोबर लागला. "येतोच," ते म्हणाले. झालं! आता माघार नाही.

सोपानराव चाकणच्या एका कंपनीत अठ्ठावीस वर्षं तपासनीस होते. मशीनवरून आलेल्या प्रत्येक भागाला ते आकडा द्यायचे. एक म्हणजे पहिला दर्जा, माल गिऱ्हाइकाकडे रवाना. पाच म्हणजे थेट भंगारात! निवृत्तीनंतर दिघीच्या घरी बसून त्यांनी कंपनीच्या आठवणी लिहिल्या. त्यात शेखर सुपरवायझरला असा सोलून काढला की बास! सून श्रद्धाने पुस्तक एका साइटवर चढवून दिलं. किंमत नव्व्याण्णव रुपये, विक्रीमागे पस्तीस टक्के रॉयल्टी, आणि पहिले तीन दिवस फुकट.

"बाबा, ओळखीच्यांना रेटिंग द्यायला सांगा हं. पुढची विक्री त्याच्यावरच असते," एवढं बोलून ती ऑफिसला पळाली.

सोपानरावांनी कंपनीच्या जुन्या ग्रुपवर हुकूम सोडला, "पुस्तक फुकट आहे तोवर उतरवून घ्या. वाचा आणि आपल्या पद्धतीने आकडा द्या!"

मंडळी तुटून पडली. "सोपानभाऊ, रडवलंत राव!" "कँटीनचा प्रसंग वाचून पोट दुखलं!" सोपानराव हवेत!

रविवारी दत्तोबा जेवून सुपारी कातरत बसले. श्रद्धाने मोबाइल उघडला आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, तुमचे एवढे वैरी कोण? एक्केचाळीस जणांनी एकच तारा दिलाय!"

"मग! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस पहिल्या दर्जाचे!"

"अहो, इथे एक म्हणजे टाकाऊ!"

"काहीतरीच काय! आकडा वाढला म्हणजे दोष वाढला ना?"

"नाही बाबा, तारे वाढले की पुस्तक चांगलं."

सोपानरावांना काही सुधरेना. 'काळीज हललं' असं लिहून खाली एकच तारा! म्हणजे आवडलं की नाही? अठ्ठावीस वर्षं आपण चांगला माल भंगारात तर नाही ना टाकला? दत्तोबा मात्र मिशीत हसत होते, आणि सोपानरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"थांबा!" श्रद्धा ओरडली. "कालच एकाने पैसे देऊन विकत घेतलंय आणि चक्क पाच तारे दिलेत!"

"बघा दत्तोबा!" सोपानरावांची छाती फुगली. "ह्याला म्हणतात जाणकार वाचक! नाव काय गं?"

श्रद्धा चाचरली. "शेखर... खाली लिहिलंय, 'सोपान्या, पान बावन्न वाचलं. तू आणि तुझं पुस्तक, दोघंही भंगारात!'"

साऱ्या जगात एकच वाचक पैसे मोजणारा, एकच पाच तारे देणारा, आणि तो शेखर!

"दत्तोबा," सोपानराव खालच्या आवाजात म्हणाले, "त्याला खरं काय ते कळता कामा नये. लगेच तारे कमी करेल मेला!"

"शेखर होय? आमच्याच गल्लीत राहतो. रोज सकाळी फिरायला बरोबर असतो." दत्तोबांनी सावकाश सुपारी तोंडात टाकली. "मी कशाला सांगतोय? बरं सोपानराव, तुमच्या पलंगाखाली माझ्या कवितांचे साधारण किती गठ्ठे मावतील?"