पायरी उंच आसा

परबकाका घोडागाडी बघायला निघाले की गळ्यात टेप अडकवतात. गाडी खरी नव्हे, जुन्या पोस्टकार्डावरची. टांगा, बग्गी, व्हिक्टोरिया, काहीही चालतं. पायरी मात्र ठेंगणी हवी.

काका आमच्या लालबागच्या चाळीत, माझ्या शेजारच्याच खोलीत राहतात. सगळी नोकरी दादरला दुकानात कापड मोजण्यात गेली, त्यामुळे टेपशिवाय त्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. पोस्टकार्डांचा नाद निवृत्तीनंतरचा, काकींच्या गुडघ्यांमुळे लागलेला. चाळीला लिफ्ट नाही आणि तिसऱ्या मजल्यावरून काकी दोन वर्षांत खाली उतरलेल्या नाहीत. "एकदा चौपाटीवर जाऊन वारो खावचो होतो," असं त्या कधीतरी म्हणाल्या आणि काका गाडी शोधायला लागले.

"अहो काका, पण कार्डातल्या गाडीत चढणार कसं?" मी एकदा विचारलं.

"ताच तर मी म्हणतंय!" काका खूश. शेवटी चाळीत कोणीतरी शहाण्यासारखं बोललं, असा चेहरा. "पायरी उंच आसली तर चढतली कशी?"

 

एका रविवारी ते मलाही जुन्या बाजारात घेऊन गेले. फुटपाथवरच्या विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने एक कार्ड काढलं. "चाचा, सौ साल पुरानी गाडी है!"

"वोईच बोलता मैं. चाक सड गया होगा."

दुसरं कुठल्याशा महाराजांच्या बग्गीचं. काकांनी टेप लावला. "पायरी उंच आसा. नि ह्या थाटात गेलो तर लोक मुजरे करीत ऱ्हवतले, भेळ खातलो कधी?" तिसऱ्यातला घोडा मला बरा वाटला, तर म्हणाले, "डोळो बघ त्याचो. लाथ मारतलो." आता तो विक्रेता आम्हाला लांबून बघूनच माल झाकतो.

त्यातूनही एखादं कार्ड पसंत पडलं की काकी ठेवणीतली साडी नेसून, पर्स घेऊन गॅलरीत खुर्चीवर बसतात. काका समोरच्या स्टुलावर कार्ड उभं करतात. एकदा मी कचऱ्याची बादली घेऊन मधून गेलो, तर केवढ्याने ओरडले, "घोड्याच्या फुडसून काय जातंस! बुजतलो ना तो!"

मग काकी चष्मा लावून पायरी निरखतात, गुडघा चोळतात आणि म्हणतात, "नाय जमाचा." साडी परत कपाटात. वर्षभर हेच चाललं होतं, एकही फेरी झाली नव्हती. काकींचा उतरलेला चेहरा बघून मला काकांचा रागच यायचा. त्या बिचारीला उगाच आशेला कशाला लावायचं?

परवा काका धापा टाकत जिना चढून आले. "गावली!" एका घोड्याची छोटीशी गाडी, पायरी जवळजवळ जमिनीला टेकलेली. काकींनी बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "हिच्यात जमतला." मी चक्क टाळी वाजवली.

तेवढ्यात काकींचं लक्ष गेलं. "पण गाडीवाल्याच्या मागे एकच सीट आसा. तुमी खंय बसतलात?"

पायरी मोजण्याच्या नादात काकांनी सीट बघितलीच नव्हती. त्यांनी कार्ड उचललं, पाहिलं, पुन्हा स्टुलावर ठेवलं.

"तू बस गो. मी बाजून चलत येतंय."

मला त्या दोघांचा मनापासून हेवा वाटला. काकींनी पदर सारखा केला, पर्स मांडीवर घेतली आणि कार्डातल्या गाडीवाल्याकडे वाकून म्हणाल्या, "बाबा, सावकाश हाक रे. ह्येंका दम लागता."