खैरनार टाइमकीपरनं ब्लॉग हलवला

आमच्या कॉलनीत खैरनार कुणाच्या घरी गेला आणि "तुम्हाला भाजी कोणती आवडते हो?" असं विचारलं, की त्या घरात रडारड सुरू होते.

मागच्या वर्षी सोनवणेला साधा मलेरिया झाला होता. खैरनार बघायला गेला. मोसंबी ठेवली, खुर्ची ओढली, खिशातून चष्मा काढला आणि म्हणाला, "सोनवणे, लहानपणी तुला घरात काय म्हणून हाक मारायचे?" सोनवणे एकशे दोन तापात होता, तरी उठून बसला. त्याच्या बायकोनं मोसंबीची पिशवी परत खैरनारच्या हातात दिली.

"नाना, अजून वेळ आहे त्यांना. या तुम्ही!"

खैरनारला काही वाटलं नाही. बाहेर येऊन मला म्हणाला, "बायको तापट. पण नवऱ्याला जपती. लिहून ठेवायला पाहिजे."

तर हा खैरनार मेलेल्या माणसांवर लिहितो. वहीत नाही, इंटरनेटवर. त्याला ब्लॉग म्हणतात. मी चौथी पास आहे, पण मला ब्लॉग कळतो. कारण ह्या माणसानं मागची आठ वर्षं दुसरं काही बोलूच दिलेलं नाही.

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी लेथवर होतो, तिथं तो गेटवर टाइमकीपर होता. सगळे ऑफिसवाल्यांना साहेब म्हणायचे. मी कुणालाच म्हटलं नाही, त्यालापण नाही. तो मला पगारे म्हणायचा, मी त्याला खैरनार. तेच आजपर्यंत चाललंय. आता आमची घरं शेजारी आहेत, मागच्या अंगणात मधे कमरेएवढी भिंत. लग्न त्यानं केलं नाही. का नाही केलं, असं विचारलं तर म्हणतो, "शिफ्ट जुळली नाही."

रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात, नाहीतर सुनेशी भांडतात. ह्याला सून नाही. ह्यानं कॉम्प्युटर घेतला, दोन बोटांनी टाइप करायला शिकला आणि आमच्या कारखान्यातला किंवा कॉलनीतला जो माणूस जाईल त्याच्यावर पाच ओळी लिहायला लागला. पाचच. "पेपरात मोठ्या माणसाचं येतं," तो म्हणतो. "ज्यानं तीस वर्षं बोल्ट कापले त्याचं कोण छापणार? माणूस गेला तर गेला, तपशील जाता कामा नये."

ह्या पाच ओळींसाठी तो दहाव्याला रामकुंडावर जातो. मयतीला जात नाही. म्हणतो, मयतीला सगळे खोटं बोलतात. दहाव्याला पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवत नाही, ऊन चढायला लागतं, आणि मग एकेकाची जीभ सुटते. भाऊ म्हणतो, वाटणीचं मी बघतो, तू जा. बायको म्हणते, त्यांचा जीव चहात असेल, कप ठेवा. कुणीतरी मागून म्हणतं, अहो, तो थोरल्या बहिणीशी बोलत नव्हता, तिला पुढं आणा. खैरनार छत्री उघडून मागं उभा असतो आणि सगळं ऐकत असतो. कावळा लवकर शिवला तर त्याचं तोंड उतरतं.

मी त्याला म्हटलं होतं, "आम्हा बौद्धांत कावळ्याची भानगड नाही. आमच्यातलं कुणी गेलं तर तुझी पंचाईत."

"तुमच्यात पुण्यानुमोदनाच्या जेवणात खरं बोलतात," तो म्हणाला. "भात संपायच्या आत मी येतो." आणि यायचा.

त्याचं लिहिणं असं असतं : 'शंकर वाघ, फिटर. चहात मीठ घालायचा. कारण कुणाला सांगितलं नाही. एकदा सापडलेलं मंगळसूत्र परत द्यायला सायकलवर नांदगावला गेला.' बास. वाचणारा म्हणतो, हां, हाच शंकर.

माझी बायको गेली तेव्हा त्यानं लिहिलं, 'सुमन पगारे. भाकरी पातळ, बोलणं जाड.' मला आग लागली. माझ्या बायकोला हा जगासमोर जाड म्हणतो! दोन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. मग एक दिवस सून मोबाइलवर काहीतरी वाचून एकटीच हसत होती आणि डोळे पुसत होती. मी म्हटलं, मोठ्यानं वाच. पुढं होतं, 'नवऱ्याला आयुष्यात एकदाच घाबरली, तो स्कूटर शिकत होता तेव्हा. तरी मागं बसली.' दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून त्याला मेथीचे लाडू दिले. माफी मी मागत नसतो.

गेल्या नोव्हेंबरात त्याला ब्लॉगवाल्या कंपनीचा मेल आला. इंग्रजीत. त्यानं मोबाइलवर मराठी करून वाचला आणि तसाच चहा न घेता माझ्याकडं आला.

"पगारे, नवीन नियम काढलाय. ज्या खाजगी माणसाचं नाव आणि फोटो पानावर आहे, त्यानं स्वतः परवानगी द्यायची. नाहीतर डिसेंबरअखेरीला पान बंद."

"मग घे परवानगी."

"कुणाची? शंकर वाघची?"

त्या नियमावर सगळेच बोंबलत होते म्हणे. ट्रेकवाले, पाककृतीवाल्या बाया, सगळे सोडून चालले होते. पण खैरनार नियमाचा माणूस. त्यानं आधी रीतसर अर्ज केला : 'संबंधित व्यक्ती मयत असल्याने सही करण्यास हजर राहू शकत नाही.' दोन दिवसांनी उत्तर आलं. संबंधित व्यक्तीनं स्वतःच्या ईमेलवरून संपर्क साधावा.

खैरनारनं ते उत्तर मला तीनदा वाचून दाखवलं. दोनशेच्या वर पानं होती. त्यात माझ्या सुमनचं एक.

मग त्यानं दुसरी जागा शोधली. लहान कंपनी होती, तिचा नियम माणसांत बसणारा होता. मयताच्या नातेवाइकाची परवानगी चालत होती. प्रत्येक पानाला एक फॉर्म. परवानगी देणाऱ्याचं नाव, सही, आणि एक रकाना : मयताशी नाते.

आता कुणीही शहाणा माणूस घरात बसून दोनशे फॉर्म भरून मोकळा झाला असता. तपासायला कोण येतंय? मी तसं म्हटलं. तो माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मीच कुणाचा खून करायला सांगितला. "गेटवर बत्तीस वर्षं कुणाला दुसऱ्याचं कार्ड पंच करू दिलं नाही मी. तुला तरी दिलं का?"

नव्हतं दिलं. एकदा तीन मिनिटांसाठी माझा अर्धा दिवस गेला होता. त्याचा राग मला अजून आहे.

तर आम्ही निघालो. मी का निघालो? माझी सही पहिल्याच दिवशी झाली होती. पण त्याला बस लागते आणि गोळी घ्यायची आठवण राहत नाही. महिनाभर आम्ही सकाळी डबा घेऊन बाहेर. सातपूर, सिडको, नाशिकरोड, मग लांबची गावं. ज्या सोनवणेबाईनं मोसंबी परत केली होती, तिनं सासऱ्याच्या पानावर सही दिली आणि वर पोहे खायला घातले.

चांदवडला गणपत ठाकरे मोल्डरची बायको खळ्यावर कांदे निवडत होती. खैरनारनं तिला पान वाचून दाखवलं. तिनं कांदा खाली ठेवला.

"नाना, ते दारूचं काढून टाका ना. पोरीच्या सासरचे वाचत्यात."

"वहिनी, काढतो. पण मग गणपत उरत नाय."

तिनं कांदा पुन्हा उचलला. बोटानं कांद्याची साल काढत राहिली.

"बरं, राहू द्या. पण पिऊन घरी आले तरी कधी हात उचलला नाय, हे घाला. तेबी खरं हाय."

"सहावी ओळ होईल."

"व्हऊ द्या की! तुमच्या बापाचं काय जातंय?"

खैरनारनं आयुष्यात पहिल्यांदा सहावी ओळ लिहिली. परतीच्या बसमध्ये ती मला वाचून दाखवली, आणि खिडकीकडं तोंड करून बसला. मला वाटलं, मळमळतंय. गोळी दिली तर म्हणाला, "नको. तसलं नाही."

डिसेंबर संपायला आठवडा राहिला तेव्हा बाकी सगळ्यांचे फॉर्म झाले होते. सात राहिले.

ह्या सातांना कुणी नव्हतं. रामदुलार वॉचमन, कुठल्या राज्यातला तेही नीट ठाऊक नाही. कँटीनचा मुथू. झाडणारी गंगूबाई, जी कारखान्याच्या मागंच राहायची. सुरगाण्याकडून आलेला सोमा, हमाल, ज्याच्या खोलीत एक ढोलकी तेवढी निघाली. बाकी तिघं असेच. खैरनारनं पत्रं टाकली, फोन केले. सोमाच्या पाड्यावर जाऊन आला. तिथं एक म्हातारी म्हणाली, असा एक होता खरा, पण त्याचं घर कधीच पडलं.

"मग हे सात जातील," मी म्हटलं.

"ह्यांचं दुसरीकडं कुठंच काही नाही रे. शंकरला पोरं आहेत, ती बोलतील. ह्यांच्या ह्या पाच ओळी गेल्या की झालंच. आलेच नव्हते असं होईल."

"तर लिही ना काहीतरी त्या रकान्यात! परिचित म्हणून लिही."

"परिचित चालत नाही. विचारलं मी. रक्ताचा किंवा घरचा पाहिजे."

"मग जाऊ दे."

चार दिवस त्याच्या घरातून टाइपचा आवाज आला नाही. मी दोनदा डोकावलो. खुर्चीत बसलेला, समोर सात कागद. जेवायला हाक मारली तर म्हणायचा, पोटात जागा नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तो भिंतीशी आला. "झालं. सगळं हललं. तिकडं उघडून बघ, सुमनवहिनींचं पहिलं लावलंय."

"आणि ते सात?"

"तेपण."

मी भिंतीवरून पाय टाकून सरळ त्याच्या घरात गेलो. गुडघ्याला आता हे झेपत नाही, पण राहवलं नाही. टेबलावर फॉर्म होते. मी एकेक अक्षर लावत वाचलं. परवानगी देणाऱ्याचं नाव : खैरनार. मयताशी नाते : भाऊ. दुसरा कागद : भाऊ. सातही कागदांवर भाऊ. गंगूबाईच्या कागदावरपण.

मला हसू आलं. अर्ध्या दिवसाचा जुना राग होताच.

"काय खैरनार! सात भावंडं? एक मद्रासी, एक भय्या? तुझ्या आईला ठाऊक होतं का हे?"

मला वाटलं, चिडेल. तो चिडला नाही. तो मूळचा सटाण्याकडचा. नाशिकला येऊन पन्नास वर्षं झाली, गावची अहिराणी त्याच्या तोंडी मी कधी ऐकली नव्हती. खाली बघत म्हणाला, "मना भाऊ शे तो."

"तुझा भाऊ? कोण?"

"सगळेच."

मी कागद खाली ठेवले आणि घरी आलो. म्हटलं, शेवटी ह्यानंपण खोटी सही केली. बरं झालं, माणसात आला. पण झोपेपर्यंत ते काही मला पटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मागच्या अंगणात पाण्याचा आवाज. ह्या दिवसांत नाशिकला हात नळाखाली धरवत नाही. बघतो तर खैरनार उघडा, पंचा नेसून, नळाखाली बादली लावून उभा. बादली भरली, डोक्यावर उपडी केली. पुन्हा लावली.

"मरायचंय का? गिझर बिघडला का तुझा?"

"उशिरा कळलेल्या सुतकाला अंघोळ असते," तो म्हणाला. ओठ निळे पडले होते. "भाऊ लिहिलं तर भावासारखं करायला पाहिजे. तरच ती सही खरी. रामदुलारची झाली."

"आणि बाकीच्यांची?"

"एकेकाची वेगळी. ते काही एकत्र नव्हते गेले."

भिंतीवर एक कागद दगडाखाली ठेवलेला होता. सात नावं. पण त्याचा चष्मा आत होता आणि डोळ्यांत पाणी जात होतं. तो कागद हातात धरून लांब करत होता, जवळ आणत होता. ओला होऊन शाई पसरायला लागली होती.

आमच्यात सुतक नाही. मी पाळत नाही आणि कुणी पाळलं तर दोन शब्द सुनावतो. त्या सकाळी मी कागद त्याच्या हातातून घेतला.

"मु-थू," मी वाचलं.

त्यानं बादली उपडी केली. पाणी भिंतीवरून माझ्या पायावर आलं.

"सो-मा."

पुढचं. त्याच्या पुढचं. मला वाचायला वेळ लागत होता आणि बादली भरायलापण तेवढाच वेळ लागत होता, म्हणून बरं जमलं. गंगूबाईच्या नावाला त्यानं आधी हात जोडले. नंतर थरथर एवढी वाढली की बादली उचलेना. मी भिंतीवरून वाकून एका बाजूनं कडी धरली.

"संपले?" त्यानं विचारलं.

"संपले."

"नीट बघ. एखादा राहून जायचा."

मी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"सगळे झाले रे," मी म्हणालो, आणि माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढून त्याच्या अंगावर टाकला.